घास गोड लागणे हीदेखील अल्लाहची कृपाच

मनुष्याला लाभलेल्या काही देणग्या अशा असतात की त्या जवळ असेपर्यंत त्यांची आठवणही होत नाही. दृष्टी अधू झाली की डोळ्यांचे मोल कळते, पाय मोडला की चालण्याचे. जिभेची चव मात्र अशी देणगी आहे की ती हरवली तरी भोवतालचे लोक तिला हरवलेली मानत नाहीत. कर्करोगाच्या उपचारातून बाहेर पडलेल्या माणसाला भेटायला येणारे त्याचे वजन विचारतात, रक्ताचे अहवाल विचारतात, पुढची तपासणी कधी आहे हे विचारतात. "जेवण गोड लागते का?" हे मात्र क्वचितच कोणी विचारते. स्वतः रुग्णालाही ते बोलून दाखवण्याचा संकोच वाटतो. जीव वाचला, एवढा मोठा उपकार झाला, आता जेवणाच्या चवीबद्दल काय तक्रार करायची, असे त्याला वाटते.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी कोणी या आजारातून गेले असेल, कोणी घरातील आजारी माणसाच्या उशाशी वाटी-चमचा घेऊन बसले असेल, तर कोणी अल्लाहच्या कृपेने पूर्ण निरोगी असेल. अन्न गोड लागणे ही साधी गोष्ट तिघांच्याही ईमानाशी निगडित आहे. ती कशी, हे पवित्र कुरआन आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या आचरणाच्या प्रकाशात पाहू या.

चव ही अल्लाहची निशाणी

सूरह अर्-रअदच्या चौथ्या आयतीत अल्लाहने एक साधे दृश्य आपल्यापुढे ठेवले आहे. जमिनीचे तुकडे एकमेकांना लागून आहेत, त्यांत द्राक्षांचे मळे आहेत, शेती आहे, खजुरीची झाडे आहेत. सर्वांना पाणी एकच मिळते, तरीही खाण्याच्या बाबतीत एक फळ दुसऱ्याहून सरस ठरते. बुद्धी वापरणाऱ्यांसाठी यात निशाण्या आहेत, असे आयतीच्या शेवटी सांगितले आहे.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. माती तीच, पाणी तेच, ऊनही तेच. केवळ पोट भरणे हाच अन्नाचा हेतू असता तर सर्व फळांना एकच चव पुरली असती. अन्नातून शक्ती मिळाली असती, शरीर वाढले असते आणि माणूस जगला असता. परंतु त्या पालनकर्त्याने आंब्याला एक गोडी दिली, जांभळाला दुसरी, आणि चिंचेला आंबटपणा दिला. इकडे माणसाच्या जिभेवर या सर्व भेदांना ओळखणारी सूक्ष्म यंत्रणा बसवली. अन्नात चव ठेवणारा आणि जिभेत ती जाणण्याची शक्ती ठेवणारा एकच आहे. गरज भागवणे हा त्याचा न्याय मानला, तर चव हा त्यावरचा अनुग्रह आहे. म्हणूनच कुरआनने तिला निशाणी म्हटले. सूरह अबसच्या चोविसाव्या आयतीतही माणसाने आपल्या अन्नाकडे पाहावे, अशी आज्ञा आहे. पुढे पाऊस, फुटलेली जमीन, धान्य, द्राक्षे, भाजीपाला, जैतून आणि खजूर यांची मालिकाच दिली आहे.

आजारात नेमके काय हरवते?

जिभेवरील स्वादकळ्यांतील पेशी फार काळ जगत नाहीत. साधारण दहा दिवसांच्या आसपास जुन्या पेशी जातात आणि नव्या येतात. आपण झोपेत असतानाही हे नूतनीकरण चालू असते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. कर्करोगावरील केमोथेरपीची औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींवर आघात करतात, कारण कर्करोगाच्या पेशी वेगाने वाढतात. परंतु केसांच्या मुळांतील, तोंडाच्या आतील अस्तरातील आणि स्वादकळ्यांतील पेशीही वेगाने वाढणाऱ्याच असतात. त्यामुळे त्यांनाही झळ लागते. मग पाणीसुद्धा कडवट लागते, तोंडात पत्र्याची किंवा लोखंडाची चव रेंगाळते आणि कालपर्यंत आवडणाऱ्या कालवणाच्या वासानेही मळमळू लागते.

तोंड किंवा घसा यांवर किरणोपचार झाले असतील तर त्रास आणखी वेगळा असतो. किरणांच्या वाटेत लाळग्रंथी येतात आणि लाळ आटते. कोरड्या जिभेला चव कळत नाही, कारण अन्नाचे कण लाळेत विरघळल्यावाचून स्वादकळ्यांपर्यंत पोहोचत नाहीत. कोरडी भाकरी तोंडात भुशासारखी फिरत राहते. तोंडातील जखमांमुळे मिरची-मसाला सोडाच, मिठाचाही कण झोंबतो. कित्येकांना काही आठवडे नाकातून घातलेल्या नळीवाटे अन्न घ्यावे लागते. अशा वेळी शरीराला अन्न मिळते, पण माणूस 'जेवत' नाही. पोषण आणि जेवण यांतील हे अंतर निरोगी माणसाच्या सहसा ध्यानी येत नाही.

एक घोट लाळ! आपण दिवसभरात तिचा किती वेळा विचार करतो? अल्लाहच्या देणग्या मोजू गेल्यास मोजता येणार नाहीत, हे सूरह इब्राहीम (आयत 34) आणि सूरह अन्-नहल (आयत 18) मध्ये सांगितले आहे. आपल्या मोजणीत सामान्यतः घर, संतती, आरोग्य आणि रोजी येते. लाळ त्या यादीत येत नाही. उपचारातून गेलेल्या माणसाच्या यादीत मात्र ती फार वर असते.

अन्न नकोसे वाटणे म्हणजे कृतघ्नता नव्हे

पुष्कळ आजारी बंधू-भगिनींच्या मनाला एक काटा टोचत असतो. घरच्यांनी प्रेमाने, कधी उसनवारी करून, फळे आणि सूप समोर आणलेले असते आणि त्यांच्याने ते पाहवतही नाही. अल्लाहच्या अन्नाला आपण नाकारत आहोत, ही नाशुक्री तर नव्हे, असे त्यांना वाटते.

त्यांनी प्रेषितांच्या जीवनातील एक प्रसंग ध्यानात ठेवावा. बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत तो आला आहे. हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरी वाळवंटातील घोरपडीसारख्या एका प्राण्याचे भाजलेले मांस प्रेषितांपुढे ठेवण्यात आले. ते काय आहे हे कळताच त्यांनी हात मागे घेतला. हे निषिद्ध आहे काय, असे हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारले. प्रेषितांनी नाही म्हटले. हा प्राणी आपल्या लोकांच्या प्रदेशात नसतो आणि आपल्या मनाला तो रुचत नाही, एवढेच त्यांनी सांगितले. हजरत खालिद (रजि.) यांनी त्यांच्यासमोरच ते मांस खाल्ले. मनाला न रुचणे हा अपराध नाही, हे या प्रसंगातून स्पष्ट होते. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी प्रेषितांची सवय सांगितली आहे की त्यांनी कोणत्याही अन्नाला कधी नावे ठेवली नाहीत. रुचले तर खाल्ले, नाही रुचले तर सोडून दिले. रुग्णासाठी यात पूर्ण मार्गदर्शन आहे. अन्नाला आणि ते रांधणाऱ्या हातांना दोष देऊ नये, आणि न गेलेल्या घासाबद्दल स्वतःलाही दोष देऊ नये.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठीही यात बोध आहे. आपल्याकडे प्रेमाची भाषा बहुधा आग्रहाची असते. "माझ्यासाठी दोन घास खा," असे म्हणत आई मुलाच्या, पत्नी पतीच्या मागे लागते. त्यांच्या काळजीविषयी शंकाच नाही. परंतु आजाऱ्याला खाण्यापिण्याची सक्ती करू नये, अल्लाहच त्याला खाऊ-पिऊ घालतो, असा आशय असलेली एक हदीस तिर्मिजी व इब्ने माजा यांनी नोंदवली आहे. वैद्याने ठरवलेले अन्न किंवा नळीवाटे दिले जाणारे पोषण बंद करावे, असा याचा अर्थ घेऊ नये. उपचार करणे हीदेखील प्रेषितांचीच शिकवण आहे. अर्थ इतकाच की ताटासमोर भांडण होऊ नये. ज्या जेवणात दरडावणे आणि रडणे मिसळले, त्याची धास्ती मनात बसते. मळमळीच्या दिवसांत जो पदार्थ बळेच खाऊ घातला जातो, त्याच पदार्थाचा पुढे बरे झाल्यावरही तिटकारा राहू शकतो. म्हणून रुग्णाचा फार आवडीचा पदार्थ केमोथेरपीच्या दिवशी त्याच्यापुढे न ठेवणे शहाणपणाचे. तो बऱ्या दिवसांसाठी राखून ठेवावा.

शुश्रूषा करणाऱ्यांना अल्लाहकडे मिळणाऱ्या मोबदल्याविषयी एक मोठे आश्वासन आहे, आणि ते एका रुग्णाच्या उशाशीच दिले गेले आहे. निरोपाच्या हजच्या वेळी हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) मक्केत अत्यवस्थ होते. प्रेषित त्यांच्या भेटीस गेले. आपल्या संपत्तीचे काय करावे, असे सअद (रजि.) विचारत होते. त्या बोलण्यात प्रेषितांनी त्यांना सांगितले की अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी केलेल्या प्रत्येक खर्चाचे पुण्य मिळते, पत्नीच्या मुखी घातलेल्या घासाचेही. जो घास भरवणे पुण्य आहे, तो घास अर्ध्यावर परत आला तरी त्याचे पुण्य परत जात नाही.

बरे होत असलेल्या माणसाचे ताट

आजार आणि आरोग्य यांच्या मध्ये एक काळ असतो. उपचार संपलेले असतात, पण शरीर अजून स्वतःचे झालेले नसते. या काळातील माणसाकडे प्रेषितांनी स्वतंत्रपणे लक्ष दिले, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते. अबू दाऊद, तिर्मिजी व इब्ने माजा यांच्या संग्रहांत उम्मे मुंजिर (रजि.) या अन्सारी महिलेने सांगितलेला प्रसंग आहे. प्रेषित त्यांच्या घरी आले. सोबत हजरत अली (रजि.) होते आणि ते नुकतेच आजारातून उठत होते. घरात खजुरांचे घोस टांगलेले होते. प्रेषितांनी त्यांतून खाण्यास सुरुवात केली, तेव्हा अली (रजि.) यांनीही हात पुढे केला. प्रेषितांनी त्यांना थांबवले आणि तुम्ही अजून अशक्त आहात, अशी आठवण दिली. मग उम्मे मुंजिर यांनी जव आणि एक पालेभाजी शिजवून आणली. तेव्हा प्रेषितांनी अलींना त्यातून घेण्यास सांगितले, कारण ते त्यांच्या प्रकृतीला अधिक मानवणारे होते.

या छोट्या प्रसंगात किती गोष्टी आहेत! बरा होत असलेला माणूस सर्वांबरोबर बसला आहे, त्याला वेगळ्या खोलीत टाकलेले नाही. त्याची इच्छा वाईट ठरवली नाही, फक्त वेळ आणि पदार्थ बदलला. खजूर हलाल आहे, उत्तम आहे आणि प्रेषितांच्या स्वतःच्या हातात आहे, तरीही त्या दिवशी तो अलींसाठी नव्हता. आणि नकार दिल्यावर त्यांना रिकाम्या हाताने बसू दिले नाही, त्यांच्यासाठी योग्य ते अन्न पुढे आले.

हजरत आयशा (रजि.) आजारी व्यक्तीसाठी आणि शोकाकुल कुटुंबासाठी 'तल्बीना' करायला सांगत. जवाच्या पिठाची ही पातळ पेज. तिच्यामुळे आजाऱ्याच्या मनाला आराम मिळतो, असे त्यांनी प्रेषितांकडून ऐकले होते. बुखारी व मुस्लिम यांत ही हदीस आहे. पेजेने पोट भरते एवढेच न सांगता मनाच्या आरामाचा उल्लेख व्हावा, यात मोठी ममता आहे. आपल्या घरांतील नाचणीची आंबील, भाताची पेज, मुगाचे पातळ वरण, मऊ खिचडी हे याच जातीचे अन्न आहे. ते हलके, ओले, कोमट आणि गिळायला सोपे असते. धातूची चव सतावत असेल तर लाकडी किंवा प्लॅस्टिकचा चमचा वापरावा. वासाने मळमळत असेल तर वाफाळते अन्न निवू द्यावे. एकदम भरलेले ताट वाढण्याऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. कोणते पथ्य किती दिवस पाळायचे, हे मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे. पाठीचा कणा ताठ राहील इतके काही घास माणसाला पुरतात, ही तिर्मिजींनी नोंदवलेली प्रेषितांची शिकवण आपण एरव्ही अति खाणाऱ्यांना ऐकवतो. चार घासांत दमून जाणाऱ्या रुग्णासाठी तीच शिकवण दिलासा आहे.

चव परत येते तेव्हा

मग एक दिवस अल्लाहच्या आज्ञेने जिभेवर काहीतरी उमटते. कोणाला प्रथम आंबट कळते, कोणाला गोड. केमोथेरपीनंतर बहुतेकांची चव काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते. तोंडा-घशावरील किरणोपचारांनंतर कित्येक महिने, कधी वर्षभराहूनही अधिक काळ लागतो. ताकाचा घोट, पिकलेल्या पपईची फोड, तांदळाच्या भाकरीचा मऊ तुकडा आणि त्यावर माशाच्या कालवणाचे दोन थेंब. ज्याला सहा महिने सारे काही मातीसारखे लागले, त्याच्यासाठी तो क्षण ईदपेक्षा कमी नसतो.

येथे काही धर्मशील मनांना एक शंका येते. मृत्यूच्या दारातून परत आल्यावर खाण्यात आनंद मानावा काय? आता उरलेले आयुष्य केवळ इबादतीत घालवावे, जिभेचे लाड कशाला? ही शंका वरून पवित्र दिसते, पण तिचे उत्तर स्वतः कुरआनने दिले आहे. अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेल्या शुद्ध व उत्तम अन्नाला निषिद्ध ठरवणारा कोण, असा प्रश्न सूरह अल्-आराफच्या 32व्या आयतीत विचारला आहे. त्याच्या आधीच्याच आयतीत खा, प्या आणि अतिरेक करू नका, अशी आज्ञा आहे. आनंदाला परवानगी आहे आणि मर्यादेची आज्ञा आहे. दोन्ही एकत्रच घ्यायचे असतात.

पैगंबरांच्या वृत्तांतांतही आरोग्याची परती खाण्यापिण्याच्या सुखासह येते. हजरत इब्राहीम (अलै.) आपल्या पालनकर्त्याची ओळख करून देतात, तेव्हा तो मला खाऊ-पिऊ घालतो आणि मी आजारी पडलो की तोच मला बरे करतो, असे एकापाठोपाठ सांगतात (सूरह अश्-शुअरा, 79-80). अन्न देणारा आणि आरोग्य देणारा येथे एकाच श्वासात आठवला गेला आहे. हजरत अय्यूब (अलै.) यांच्या दीर्घ यातनेनंतर अल्लाहने त्यांना जमिनीवर पाय मारायला सांगितले, आणि स्नानासाठी व पिण्यासाठी थंड पाणी त्यांच्यापुढे आले (सूरह साद, 42). बरे होण्याची पहिली खूण म्हणून त्यांना थंड पाणी लाभले. हजरत यूनुस (अलै.) माशाच्या पोटातून उजाड किनाऱ्यावर आले तेव्हा ते आजारी होते. अल्लाहने त्यांच्यावर एक वेल उगवली (सूरह अस्-साफ्फात, 145-146). बहुतेक भाष्यकारांनी ती भोपळ्याची वेल सांगितली आहे.

हाच भोपळा प्रेषित मुहम्मद (स.) यांना फार आवडत असे. एका शिंप्याने त्यांना जेवायला बोलावले होते. जवाची भाकरी आणि भोपळा व सुके मांस घातलेला रस्सा होता. हजरत अनस (रजि.) सांगतात की प्रेषित ताटाच्या कडेकडेने भोपळ्याच्या फोडी शोधत होते, आणि त्या दिवसापासून आपल्यालाही भोपळा आवडू लागला. प्रेषितांना गोड पदार्थ आणि मध आवडे. ते ताजा खजूर काकडीबरोबर खात. त्यांच्याच घरात महिना महिना चूल पेटत नसे आणि खजूर-पाण्यावर दिवस निघत, हेही आयशा (रजि.) यांनीच सांगितले आहे. म्हणजे जे मिळाले ते आनंदाने खाणे आणि न मिळाले तर संयम राखणे, हा एकाच हृदयाचा धर्म होता. चवीचा आनंद घेणे त्यांच्या विरक्तीच्या आड आले नाही.

याहून मोठी गोष्ट सहीह मुस्लिममध्ये आहे. एक घास खाऊन त्याबद्दल अल्लाहची स्तुती करणाऱ्या आणि एक घोट पिऊन त्याबद्दल स्तुती करणाऱ्या दासावर अल्लाह प्रसन्न होतो. पूर्ण ताटाची अट नाही, मेजवानीची अट नाही. एक घास आणि एक अलहम्दुलिल्लाह! तिर्मिजींच्या संग्रहात तर कृतज्ञतेने खाणाऱ्याला संयमाने रोजा ठेवणाऱ्याची उपमा दिली आहे. म्हणून आजारातून उठलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, तुमच्या जिभेवर परतलेली गोडी संकोचाने लपवू नका. ती उघडपणे घ्या, सावकाश चावा, आणि मनापासून स्तुती करा. जे शब्द निरोगी माणूस सवयीने पुटपुटतो, ते आज तुमच्या तोंडी पूर्ण अर्थाने आले आहेत.

चव पूर्ण परतली नाही तर?

प्रत्येकाच्या बाबतीत सारे पूर्ववत होतेच असे नाही. लाळग्रंथींना मोठी इजा झाली असेल तर तोंडाचा कोरडेपणा कायम राहू शकतो. शस्त्रक्रियेत जिभेचा किंवा जबड्याचा भाग काढावा लागला असेल तर जेवणाची रीतच बदलते. काहींना लोकांसमोर जेवायची लाज वाटते, कारण पाण्याच्या घोटावाचून घास उतरत नाही किंवा तोंडातून अन्न सांडते. ते दावतींना जाणे टाळतात आणि हळूहळू एकटे पडतात.

त्यांच्यासाठी पहिली गोष्ट ही की मोमिनाला टोचलेल्या काट्याचेही मोल वाया जात नाही, त्यामुळेही त्याचे गुन्हे झडतात, हे बुखारी व मुस्लिम यांतील हदीसमध्ये आले आहे. मग महिनोन् महिने बेचव घास गिळण्याचे कष्ट तर किती मोठे! दुसरी गोष्ट अशी की सहभोजनात बरकत आहे. एकत्र जेवावे आणि अल्लाहचे नाव घ्यावे, असा उपदेश अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. बरकत चवीवर अवलंबून नसते. आपण यजमान असाल तर अशा पाहुण्यासाठी पातळ कालवण, मऊ भात आणि पाण्याचा पेला न विचारता जवळ ठेवा. त्याच्या ताटाकडे टक लावून पाहू नका. त्याला पंगतीत परत आणणे हीसुद्धा रुग्णसेवाच आहे.

रमजानचा प्रश्नही येथेच येतो. उपचार चालू असताना किंवा नुकते संपल्यावर काही जण हट्टाने रोजे धरतात आणि पाण्याअभावी पुन्हा रुग्णालयात पोहोचतात. आजाऱ्याने इतर दिवशी रोजांची संख्या पूर्ण करावी, ही सवलत स्वतः अल्लाहने सूरह अल्-बकरामध्ये (184-185) दिली आहे आणि त्याला तुमच्यासाठी सुलभता हवी आहे, अडचण नको आहे, हेही तेथेच सांगितले आहे. ज्याला पुन्हा रोजे ठेवण्याची आशाच उरली नाही त्याच्यासाठी फिदयाचा, म्हणजे प्रत्येक रोजापोटी एका गरजूला जेवू घालण्याचा मार्ग आहे. विश्वासू डॉक्टर व जाणकार आलिम यांना विचारून निर्णय घ्यावा. ज्याने रोजाची आज्ञा दिली त्यानेच सवलत दिली. आज्ञा आनंदाने पाळायची आणि सवलत मात्र लाजत घ्यायची, हे दासाला शोभत नाही.

निरोगी वाचकांनो, आता आपला हिशेब

एकदा प्रेषित भुकेने घराबाहेर पडले. वाटेत हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत उमर (रजि.) भेटले, तेही भुकेनेच बाहेर पडले होते. तिघे एका अन्सारी सोबत्याच्या घरी गेले. त्याने कच्चे-पिके खजूर, गोडे पाणी आणि बकरीचे मांस पुढे ठेवले. सर्वजण तृप्त झाल्यावर प्रेषितांनी दोन्ही सोबत्यांना सांगितले की कयामतच्या दिवशी या देणगीबद्दल तुम्हाला विचारले जाईल. सूरह अत्-तकासुरच्या शेवटच्या आयतीतही हाच इशारा आहे. भुकेल्यांच्या एका जेवणाबद्दल विचारणा होणार असेल, तर आपल्या लग्नसमारंभांतील उष्ट्या ताटांबद्दल काय उत्तर असेल?

आणि ज्या तोंडात ही चव ठेवली, त्या तोंडाशी आपण कसे वागतो? भारतीय पुरुषांत तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे आहे आणि त्याचे प्रमुख कारण तंबाखू व सुपारी हे आहे. सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केले आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. तरीही आपल्या मोहल्ल्यांत कोवळ्या मुलांच्या गालात पुडी दिसते. आधी तिखट झोंबू लागते, मग तोंड पूर्वीइतके उघडत नाही, मग घास आत जाणे कठीण होते. चवीची देणगी अशी दोन-पाच रुपयांच्या पुड्यांत विकली जाते. स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नये, ही सूरह अल्-बकरामधील (आयत 195) आज्ञा आपल्या मशिदींच्या मिंबरांवरून या संदर्भात वारंवार ऐकू यायला हवी. त्याचबरोबर हेही लक्षात असू द्या की कधीही तंबाखूला न शिवलेल्यांनाही कर्करोग होतो. कोणाचा आजार पाहून त्याच्या पापांचा अंदाज बांधण्याचा अधिकार आपल्याला नाही.

शेवटी एक कर्तव्य. सहीह मुस्लिममधील एका हदीसनुसार कयामतच्या दिवशी अल्लाह आपल्या दासाला तीन गोष्टी विचारील. मी आजारी होतो, तू भेटायला का आला नाहीस? मी अन्न मागितले, तू का दिले नाहीस? मी पाणी मागितले, तू का पाजले नाहीस? अमुक दास आजारी होता, भुकेला होता, तहानलेला होता, त्याच्याकडे गेला असतास तर मला तेथे पावला असतास, असा त्याचा खुलासा येईल. आजार, भूक आणि तहान येथे एकत्र आली आहे. मुंबईत परळ येथे 1941 पासून उभ्या असलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या परिसरात या तिन्ही गोष्टी एकत्र पाहायला मिळतात. दूरदूरच्या गावांतून आलेली कुटुंबे तेथे पदपथांवर दिवस काढतात. त्यांना बिर्याणीची पाकिटे वाटणारे पुण्यवान लोक आहेत, अल्लाह त्यांना उत्तम मोबदला देवो. पण जळजळणाऱ्या तोंडाला मसालेदार बिर्याणी जात नाही. तेथे मऊ खिचडीचा, पेजेचा किंवा ताकाचा एक डबा पोहोचवणारा माणूस उम्मे मुंजिर (रजि.) यांच्या सुन्नतीवर चालतो. आपल्या गावातही असे एखादे घर असेलच. तेथे जाताना फळांची पिशवी घेण्याआधी एवढेच विचारा की सध्या त्यांना काय जाते, काय गोड लागते.

हे अल्लाह, आमच्यातील आजाऱ्यांना पूर्ण आरोग्य दे. त्यांच्या जिभेला चव आणि त्यांच्या घासाला बरकत दे. जे बरे झाले त्यांना कृतज्ञ ठेव. जे अजून वाट पाहत आहेत त्यांना उत्तम संयम दे. आणि आम्हा निरोगी लोकांना, देणगी हातची जाण्यापूर्वीच, तिची ओळख पटू दे. आमीन.